आधी पाणी द्या, मग नाव विचारा!

धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे प्रश्न थोडे नाहीत. मुलांचे शिक्षण, नोकरी, दाखले, विवाहविधी, घरातून काढलेल्या देव्हाऱ्याच्या जागी काय असावे, या सर्वांचा विचार या स्तंभातून होत असतो व तो झालाच पाहिजे. परंतु एक प्रश्न असा आहे की, तो कोणत्याही परिषदेच्या विषयपत्रिकेवर येत नाही, त्याबद्दल कोणी ठराव मांडीत नाही, आणि तरीही तो दिवसातून दहा वेळा आपल्या वाटेत येऊन उभा राहतो. ज्या माणसाला आपण ओळखत नाही, ज्याच्याशी आपले नाते नाही, ज्याच्याकडून आपल्याला काही मिळावयाचे नाही, अशा माणसाशी आपण कसे वागतो, हा तो प्रश्न होय.

कोणी म्हणेल, हा किरकोळ विषय आहे. समाज अन्यायाखाली भरडला जात असता अग्रलेखाने बसमधील जागा आणि नळावरील हंडे यांची चर्चा करावी काय? आमचे उत्तर असे की, अवश्य करावी. जातिभेद केवळ पोथ्यांत राहत नव्हता. तो पोथ्यांतून निघून पाणवठ्यावर, वाटेवर, गाडीत आणि दुकानाच्या पायरीवर येऊन बसला होता, व तेथेच तो आपल्या वाडवडिलांना रोज गाठत होता. ज्या ठिकाणी त्याने माणसाला गाठले, त्याच ठिकाणी धम्माने माणसाला भेटले पाहिजे. विहारातील वंदना ठरल्या वेळी होते. अनोळखी माणूस कोणत्याही वेळी येतो. शिवाय आपल्या मुलाबाळांवर माया करण्यात धर्माची परीक्षा ती कसली? ती माया पशुपक्ष्यांनाही असते. परीक्षा होते ती परक्याच्या बाबतीत.

या प्रश्नाचे मर्म समजावयाचे असेल तर बाबासाहेबांच्या बालपणातील एका प्रवासाकडे पाहावे. आपल्या काही आठवणी त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात लिहून ठेवल्या आहेत. त्यांतील पहिली १९०१ सालची आहे. वडील त्या वेळी गोरेगाव येथे रोखपालाच्या कामावर होते. त्यांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेले लहानगे भीमराव आणि त्यांच्याबरोबरची मुले मसूरच्या रेल्वे स्थानकावर उतरली. निरोप वेळेवर न पोचल्यामुळे त्यांना न्यावयास कोणी आले नव्हते. इतर उतारू निघून गेले. चांगल्या कपड्यांतील ती मुले एकटीच थांबलेली पाहून स्टेशनमास्तरांना कळवळा आला व त्यांनी आस्थेने विचारपूस केली. मग त्यांनी विचारले, तुम्ही कोण? मुलाने भोळेपणाने खरे ते सांगितले की, आम्ही महार. त्या एका शब्दासरशी मास्तरांचा चेहरा पालटला आणि ते तेथून निघून गेले. पुढे दुप्पट भाडे देऊनही कोणी गाडीवान तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी की, गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने बरोबर पायी चालावे!

त्याच रात्री दुसरा प्रसंग घडला. वाटेत टोलनाका लागला. मुलांजवळ खाण्याचे पदार्थ भरपूर होते, पण पाणी नव्हते. या वेळी भीमरावांनी जात लपविली. आम्ही मुसलमान आहोत असे सांगून त्यांनी नाकेदाराकडे उर्दूत पाणी मागितले. तरीही पाणी मिळाले नाही. तुमच्यासाठी येथे पाणी कोणी ठेवले आहे, टेकडीवर आहे, हवे तर जाऊन आणा, अशा अर्थाचे तुटक उत्तर मिळाले. अंधाऱ्या रात्री ती मुले अन्न जवळ असून उपाशी निजली.

वाचकहो, या दोन माणसांकडे नीट पाहा. स्टेशनमास्तर निर्दय नव्हते. त्यांच्या मनात दया उत्पन्न झाली होती. ती एका प्रश्नाने मारली. पुढे गाडीची ती तोड काढण्यास त्यांनी मदतही केली, पण पहिला जिव्हाळा गेला तो गेलाच. नाकेदाराच्या मनात मात्र दया उत्पन्नच झाली नाही. तहानेले मूल हे आपल्या कामाचा भाग नाही, एवढाच त्याचा हिशेब. पहिला दोष जातीचा आहे. दुसरा दोष बेपर्वाईचा आहे. आपण आजवर पहिल्या दोषाबद्दल पुष्कळ बोललो, लढलो, आणि ते आवश्यकच होते. परंतु दुसरा दोष जात न विचारताही माणसाला उपाशी निजवू शकतो, हे आपल्या ध्यानात आले आहे काय?

प्रथम पहिल्या दोषाचा विचार करू. भगवान बुद्धांचे शिष्य आनंद श्रावस्तीच्या परिसरात फिरत असता त्यांना तहान लागली. विहिरीवर प्रकृती नावाची एक तरुणी पाणी भरीत होती. आनंदांनी तिच्याकडे पाणी मागितले. ती संकोचली व म्हणाली की, मी चांडालकन्या आहे. आनंदांनी सांगितले की, त्यांनी पाणी मागितले आहे, जात विचारलेली नाही. ही प्रकृती पुढे भिक्षुणी संघात आली, आणि बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्त्रियांच्या धम्मदीक्षांमध्ये तिच्या दीक्षेची कथा मुद्दाम सांगितली आहे. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये जो प्रश्न शेकडो वर्षे भिंतीसारखा उभा होता, तो प्रश्नच आनंदांनी बाद केला. धम्माची सुरुवात अशी होते. तहान आधी आणि ओळख नंतर!

आज तो प्रश्न त्याच शब्दांत फारसा कोणी विचारीत नाही. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट व रस्ते सर्वांना खुले केले. तेव्हा प्रश्नाने कपडे बदलले. शहरात भाड्याची खोली पाहावयास गेलेल्या तरुणाला घरमालक विचारतो, आडनाव काय? आडनावावरून उलगडा झाला नाही तर विचारतो, मूळ गाव कोणते, स्वयंपाक कसला होतो? आणि मग खोली 'कालच दिली गेली' असे कळते. मसूरच्या फलाटावर पालटलेला चेहरा तो हाच. आपल्यापैकी ज्यांना हा अनुभव आला आहे, त्यांना त्याची जळजळ आम्ही सांगावयाची गरज नाही.

परंतु स्वतःच्या घरात डोकावण्याचे धैर्य ज्याला नाही, त्याला दुसऱ्याच्या दारावर धडक मारण्याचा अधिकार पोचत नाही. म्हणून आम्ही विचारतो, हा प्रश्न आपल्या ओठांवर कधीच येत नाही काय? मातंग समाजातील, चर्मकार समाजातील किंवा एखाद्या भटक्या जमातीतील कुटुंब धम्मदीक्षा घेऊन आपल्या वस्तीत राहावयास येते. विहारात ते आपल्या शेजारी बसून त्रिशरण घेते. बाहेर पडल्यावर मात्र कुजबूज सुरू होते, हे मूळचे कोण? कोणत्या गावचे, कोणाच्या नात्यातले, कोणत्या गटाचे? ज्याने बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, त्याला 'मूळचा' विचारावयाचे कारण काय? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ते एवढ्यासाठीच की, तिच्यात प्रत्येक पायरीवरील माणसाला खाली पाहावयास आणखी एक पायरी सापडते. वरच्या पायरीची लाथ खाल्लेल्या माणसाने खालच्या पायरीकडे त्याच नजरेने पाहिले, तर पायऱ्या तशाच राहतात, फक्त त्यांवरील रंग निळा होतो. हे शब्द कडू आहेत, पण ते आम्ही आपल्याच माणसांना सांगत आहोत.

आता दुसऱ्या दोषाकडे वळू. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. त्याला अतिसार झाला होता व तो आपल्याच घाणीत पडून होता. विहारात इतर भिक्खू होते. पण कोणीही त्याच्याकडे गेले नाही. भगवान बुद्ध आनंदांसह विहाराची पाहणी करीत असता त्यांच्या दृष्टीस तो पडला. आनंदांनी पाणी आणले, भगवंतांनी ते ओतले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर निजविले. मग भगवंतांनी इतरांना कारण विचारले. उत्तर असे मिळाले की, तो भिक्खू इतरांसाठी काही करीत नसे, म्हणून इतरांनीही त्याच्यासाठी काही केले नाही. त्यावर भगवंतांनी भिक्खूंना सांगितले की, येथे तुमचे आईवडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? ज्याला बुद्धाची सेवा करावयाची असेल, त्याने रुग्णाची सेवा करावी, असा त्यांच्या उपदेशाचा भाव होता.

त्या विहारात कोणी कोणाची जात विचारली नव्हती. तेथील माणसे दुष्ट नव्हती. ती शीलवान भिक्खू होती. तरीही एक माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत घाणीत पडून राहिला. दुष्टपणा करावयास मनात काहीतरी हेतू धरावा लागतो. बेपर्वाईला हेतूची गरज नसते. समोरच्याकडे लक्ष न देणे एवढे पुरते. म्हणूनच चांगल्या माणसांनाही ती सहज जडते व जडल्याचे त्यांना कळत नाही.

आपल्या रोजच्या व्यवहारातील उदाहरणे घेऊ. एस. टी. स्थानकात गाडी लागते. धडधाकट तरुण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, आणि पाठीमागून दाराने चढलेली, डोक्यावर गाठोडे असलेली म्हातारी त्या रुमालाकडे पाहत उभी राहते. रुमाल बसतो आणि माणूस उभा राहतो! याच्या उलट मुंबईच्या लोकल गाडीतील प्रथा पाहा. तिघांच्या बाकावर चौथा माणूस येतो, 'जरा सरका' म्हणतो, आणि तिघेही अंग चोरून त्याला टेकण्यापुरती जागा देतात. त्याचे नाव, आडनाव, गाव, धर्म कोणी विचारीत नाही. तो दमला आहे एवढेच पुरे असते. ज्यांनी ही प्रथा पाडली, ते कोण होते हे कोणाला माहीत नाही. पण बंधुता हा शब्द घटनेच्या प्रास्ताविकेत आहे, त्याचा अर्थ त्या चौथ्या जागेवर बसणाऱ्याला समजावून द्यावा लागत नाही.

सरकारी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात जा. खेड्यातून रोगी घेऊन आलेले कुटुंब दोन दोन रात्री जमिनीवर काढते. औषध आणावयास गेले तर रोग्याजवळ कोण बसणार, ही त्यांची चिंता. शेजारच्या खाटेजवळची अनोळखी बाई म्हणते, 'तुम्ही या जाऊन, मी आहे इथं.' या सहा शब्दांचे मोल ज्याने ते ऐकले आहेत त्यालाच कळते. आणि त्याच वऱ्हांड्यात, खिडकीपुढे तास तास रांगेत उभ्या असलेल्या माणसांना बाजूला सारून, ओळखीच्या शिपायामार्फत आपला कागद आत सरकविणारा सुशिक्षितही आपणांस भेटतो. त्याने कोणाला शिवी दिली नाही, कोणाला मारले नाही. त्याने फक्त मागच्या चाळीस माणसांना माणसात धरले नाही.

आता आपल्या वस्तीत येऊ. घरात काच फुटते. ती कागदात न गुंडाळता तशीच कचऱ्यात टाकली जाते. पहाटे तो कचरा कोणाच्या हाताने उचलला जातो? महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या सफाई खात्यांत पिढ्यान्‌पिढ्या आपलीच आणि आपल्यासारखीच माणसे राबत आली आहेत. हाताने मैला साफ करावयास लावण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला; परंतु आपल्या घरच्या काचेने कोणाचा हात चिरू नये, यासाठी कायद्याची वाट पाहावयाची काय? जुने वर्तमानपत्र, एक सुतळी आणि अर्ध्या मिनिटाचा विचार, एवढ्याने ते काम होते. ज्याचे तोंड आपण कधी पाहिले नाही, त्याच्या हाताची काळजी करणे, ही मैत्री होय.

जयंती आणि लग्नकार्य यांच्या ध्वनिक्षेपकांबद्दलही आम्हांस लिहिणे भाग आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक बंद असावेत, असा नियम २००० सालापासून देशभर आहे. पण नियम बाजूला ठेवा. ज्या महापुरुषाने दिवसाचे अठरा अठरा तास अभ्यास केला, त्याच्या नावाने वाजणाऱ्या कर्ण्याखाली, शेजारच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करणारी एखादी मुलगी कानांत बोटे घालून बसली असेल, तर आपण जयंती कोणाची साजरी करीत आहोत? इतर लोकांच्या उत्सवांतही असेच होते, हे खरे आहे. परंतु त्यांच्यासारखे वागावयाचे असते, तर आपण त्यांच्यापासून वेगळी वाट धरली तरी कशाला?

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. यांतील बहुतेक एकमेकांना अनोळखी असतात. कोणी भोजन देतो, कोणी पाणी, कोणी औषध. डॉक्टर मंडळी फुकट तपासतात. पुस्तकांच्या दुकानांपुढे खेड्यातून आलेला मजूर पदरमोड करून ग्रंथ घेतो. हार आणि मेणबत्त्या यांच्याऐवजी एक वही व एक पेन आणावे, या आवाहनालाही गेल्या काही वर्षांत अनेकांनी साथ दिली. ज्या मुलाला ती वही मिळते, त्याला ती कोणी दिली हे कधीच कळत नाही. याहून शुद्ध दान कोणते? परंतु याच ठिकाणी अर्धवट टाकलेले अन्न आणि पायदळी आलेल्या पत्रावळीही दिसतात. देणाऱ्याने भात वाढला. रिकामे पान कोठे जाईल, याचा विचार केला नाही. घेणाऱ्याने पोटापेक्षा अधिक घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सर्व वाकून उचलणारा पुन्हा तोच सफाई कामगार!

सद्‌हेतू असला म्हणजे विचाराची गरज संपते, असा समज आपल्यात फार आहे. १९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले तेव्हा टांगेवाले त्यांना नेण्यास तयार होईनात. आपल्या नेत्याला पायी चालावे लागू नये, या प्रेमापोटी तेथील आपल्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती अशा आपल्याच माणसाला त्यावर बसविले. पुलाजवळ अपघात झाला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले जाऊन जखमी झाले. मूळ अपराध टांगेवाल्यांच्या जातिगर्वाचा, यात शंका नाही. पण प्रेम करणाऱ्यांनीही उतारूच्या जिवाचा विचार केला नव्हता, हेही त्या आठवणीतून दिसते. दया हवी, तशीच तिला प्रज्ञेची जोड हवी. भगवान बुद्धांनी करुणा आणि प्रज्ञा ही दोन्ही आपल्या धम्माला दिली, ती काही उगाच नव्हे.

आमच्या शिकलेल्या तरुणांना दोन शब्द सांगावयाचे आहेत. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी सुशिक्षितांबद्दल जी व्यथा बोलून दाखविली, ती आपण दरवर्षी सभांतून ऐकतो व टाळ्या वाजवितो. पण ती व्यथा रोज कोठे खरी ठरते? तहसील कचेरीच्या पायरीवर. केंद्र सरकारने १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्मीयांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू केल्या. परंतु दाखल्यासाठी कागदपत्रे गोळा करणारी अडाणी आई एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत असते. ती जवळून जाणाऱ्या तरुणाला म्हणते, 'दादा, एवढा अर्ज भरून दे रे.' तो घड्याळाकडे पाहतो आणि पुढे जातो. त्याने तिच्याशी वाईट वर्तन केले असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या लेखणीसाठी पिढ्या झुरल्या, ती लेखणी खिशात असून पाच मिनिटे चालली नाही! बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग देण्यास सांगितले होते. ज्यांना पैसा देता येत नाही, त्यांनी आपल्या वेळेचा काही भाग तरी द्यावा.

रस्त्यावरील अपघाताबाबतही असेच आहे. जखमी माणूस पडलेला असतो, भोवती गर्दी जमते आणि पोलिसांच्या कटकटीचे भय दाखवून जो तो मागे सरतो. आपल्या लोकांना कचेऱ्यांचे आणि चौक्यांचे भय अधिक वाटते, त्याला कारणेही आहेत. म्हणून कायदा माहीत असावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाला मान्यता दिली, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घातले गेले आणि २०२० साली नियम झाले. त्यानुसार जखमीला दवाखान्यात पोचविणाऱ्या माणसावर नाव, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक देण्याची सक्ती करता येत नाही; साक्षीदार होणे त्याच्या इच्छेवर आहे; आणि धर्म, जात, लिंग अथवा राष्ट्रीयत्व यांवरून त्याच्याशी भेदभाव करता येत नाही. नियमांनी मदत करणाऱ्याचे नावही न विचारण्याची मुभा दिली, आणि आपण मात्र जखमीची ओळख पटेपर्यंत थांबणार काय?

येथे काही वाचक आक्षेप घेतील, तो आम्ही टाळू इच्छित नाही. ते म्हणतील, आम्हांला दया नको, हक्क पाहिजेत. अगदी खरे! हक्काच्या जागी दया चालत नाही. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे खुले केले, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. कोणा भल्या माणसाने ओंजळीत पाणी घालावे, यासाठी ते गेले नव्हते. त्यावरून आपल्या लोकांना मार खावा लागला, खटला चालला आणि १९३७ साली उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. हा मार्ग सोडावा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. जेथे जातीवरून छळ होतो, तेथे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार नोंदवावी, साक्ष द्यावी आणि मागे हटू नये.

परंतु हक्क मिळाल्यावर पुढे काय? बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की, बंधुतेवाचून समता आणि स्वातंत्र्य ही वरवरच्या रंगासारखी ठरतील. कायदा तळे खुले करू शकतो. तळ्याकाठी आलेल्या थकलेल्या माणसाला हात देऊन पायरी उतरविणे, हे कायद्याला करता येत नाही. ते माणसालाच करावे लागते. आणि त्यांनी करुणा व मैत्री यांत केलेला भेदही आपण ध्यानात ठेवावा. करुणा माणसापुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोचते, म्हणून करुणेवर न थांबता मैत्रीपर्यंत जावे, असे त्यांनी सांगितले. आम्हांस तीत आणखी एक अर्थ दिसतो. दया करणारा कधीकधी उंचावर उभा राहून खाली पाहतो. मित्र बरोबरीने उभा असतो. आपणांस कोणाकडून दया नको असेल, तर आपणही कोणाला खाली पाहून काही देऊ नये. जे द्यावयाचे ते बरोबरीच्या नात्याने द्यावे.

आणखी एक अवघड प्रश्न उरतो. ज्यांनी आपल्याला पाणी नाकारले, त्यांच्यापैकी कोणी तहानेला होऊन आपल्या दारी आला तर? आमचे उत्तर स्पष्ट आहे. त्याला पाणी द्यावे. तो विसरला म्हणून नव्हे, आपणही विसरावे म्हणून नव्हे. त्याने गावात अन्याय केला असेल तर त्याच्याविरुद्धची तक्रार कायम ठेवावी आणि पाण्याचा तांब्याही पुढे करावा. या दोहोंत विरोध नाही. तक्रार ही न्यायासाठी आहे, पाणी हे तहानेसाठी आहे. मैत्री म्हणजे लाचारी नव्हे, आणि स्वाभिमान म्हणजे सूडही नव्हे. ज्याला हे दोन्ही एकाच वेळी सांभाळता येते, त्याने धम्म पचविला असे समजावे.

तेव्हा प्रत्येक बौद्ध कुटुंबाने काय करावे? आमची मागणी मोठी नाही. घराच्या ओट्यावर उन्हाळ्यात पाण्याचा माठ व स्वच्छ पेला असावा, आणि तो कोणासाठी आहे हे कोणी विचारू नये. वस्तीत नवे कुटुंब आले तर पहिल्या दिवशी नळाची वेळ, शाळेची वाट आणि दवाखान्याचा पत्ता सांगावा. गोत आणि गाव विचारण्याची घाई करू नये. रांग मोडू नये व ओळखीच्या माणसाला पुढे घुसवू नये. घरातील एका शिकलेल्या मुलाने आठवड्यातून एक तास तरी विहारात बसून अनोळखी लोकांचे अर्ज भरून द्यावेत. मातांनी मुलांना सफाई कामगाराला 'काका' अथवा 'मावशी' म्हणून हाक मारावयास शिकवावे. 'ए कचरावाल्या' हा शब्द आपल्या घरात उच्चारला जाऊ नये. यांपैकी कशालाही सरकारी मंजुरी लागत नाही, वर्गणी लागत नाही, पुढारी लागत नाही.

नागपूरच्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी आपणांवर एक जबाबदारी टाकली. हा धर्म या लोकांनी घेतला आणि त्याला हीन दशेला नेले, असे जगाने म्हणू नये, असे आपले वर्तन असले पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. जग आपले ग्रंथ वाचून आपली परीक्षा करणार नाही. ते बसमध्ये, रांगेत, दवाखान्यात आणि रस्त्यावर आपल्या शेजारी उभे राहून ती करणार आहे. एखादा परका मनुष्य आपल्या वस्तीतून जाताना थकला, थांबला, पाणी पिऊन पुढे गेला, आणि आपल्याला कोणीही 'तू कोण' असे विचारले नाही, हे त्याला पुढच्या गावी पोचल्यावर आठवले, तर त्या दिवशी आपल्या वस्तीने मोठी धम्मपरिषद भरविल्याइतके काम केले, असे आम्ही समजू.

जय भीम!